इंजिनाला पावडर लावणारे हिराजी मिस्त्री

हिराजी मिस्त्री इंजिनाला पावडर लावायचे. तान्ह्या बाळाला आंघोळीनंतर लावतात तीच, गुलाबी डब्यातली. आधी डिझेल आणि ब्रशने इंजिन घासूनपुसून लख्ख करायचे आणि मग डबा दाबत सगळीकडे पांढरं करून टाकायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असावं.

माझी गाडी जुनी, टर्बोवाली डिझेल. बायको होती तेव्हा घेतलेली. ती गेल्यावर मुलगा पुण्याहून फोनवर सांगायचा, "बाबा, विकून टाका." मी विकली नाही. मग गाडी तेल गाळायला लागली. उभी करावी तिथे गिअरबॉक्सखाली काळा डाग. एका गॅरेजवाल्याने खाली वाकूनही न बघता सांगितलं, मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. तेव्हा कुणीतरी पळसदरीच्या पुढे, खोपोली रस्त्यावर बसणाऱ्या हिराजी मिस्त्रींचं नाव सुचवलं.

"सायेब, तेल दिसतं तिथनं येत नाय," मिस्त्री म्हणाले. "वरनं कुटनं तरी उतरतं, वाऱ्यानं मागं जातं. आपन त्याच्या मागं मागं वर जायाचं." पावडर मारून झाली की मला शेजारी बसवून ते गाडी खोपोलीच्या चढापर्यंत दामटायचे आणि परत आल्यावर हातातल्या बॅटरीचा झोत मारून बघायचे, पावडर कुठे ओली झाली. घाई हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता. एका रविवारी एकच जागा उघडायची. "दोन एकदम उघडल्या तर खोटी कुटली व्हती ते कसं कळनार?"

पहिल्या रविवारी वरच्या झाकणाचं पॅकिंग बदललं, दुसऱ्या रविवारी फिल्टरच्या बुडाचं. थेंब काही थांबेना. तिसऱ्या रविवारी सापडलं. टर्बोतलं तेल खाली आणणारी अंगठ्याएवढी नळी, आणि तिच्या सांध्यापासून पांढऱ्या पावडरीवर उतरलेली एक काळी रेघ. पॅकिंग त्यांनी तिथेच बनवलं. जाड कागद नळीच्या तोंडावर धरून हातोडीने हलकेच ठोकत कडा उमटवल्या आणि कापून घेतलं. "दोन बोल्टांचा खेळ," ते म्हणाले, "आनि तो गिअरबाक्स उतरवत व्हता."

मिस्त्रींची बायको नातवाला सांभाळायला पनवेलला मुलाकडे गेली ती तिकडेच राहिली. हे एकटेच भात लावायचे, एकटेच जेवायचे. "घरात बोलाया कोन नाय, म्हनून इंजिनाशी बोलतो," ते सांगायचे. "ते निदान आवाज तरी देतं." मी हसलो होतो. माझ्या घरात टीव्ही दिवसभर चालू असतो, हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही.

चौथ्या रविवारी गाडी कोरडी ठणठणीत होती. मी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून भिसेगावच्या घरात बसून राहिलो. संध्याकाळपर्यंत कुणाशी एक शब्द बोलायची वेळ आली नाही. तो रविवार अक्षरशः अंगावर आला. पुढच्या शनिवारी मी पाना घेतला, गाडीखाली शिरलो आणि त्या दोनांतला एक बोल्ट जरासा सैल केला. सगळी नोकरी कारखान्याच्या स्टोअरमध्ये प्रामाणिकपणे केलेल्या माणसाने हे करावं, याची लाज मला आजही वाटते.

"परत गळतंय," मी जाऊन सांगितलं. मिस्त्रींनी मुकाट्याने इंजिन धुतलं, पावडर लावली, आम्ही खोपोलीला जाऊन आलो, त्यांनी बोल्ट आवळला. दिवस फार छान गेला. पंधरा दिवसांनी मी पुन्हा तेच केलं. या वेळी मात्र बॅटरी बंद करून ते फडक्याला हात पुसत उभे राहिले.

"भाऊ," ते म्हणाले. आजवर मी सायेब होतो. "ह्या बोल्टाची कड खाल्लीय. माजा पाना असा घसरत नाय."

मी वाकून बोल्ट बघायचं नाटक केलं.

"गाडीला कशाला तरास देता? नुसतं या की."

किती मायेने म्हणाले, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हो म्हटलं आणि गेलोच नाही. दर रविवारी मनाशी म्हणायचो, आज जाऊ. पण जाऊन सांगू काय? गाडी तर ठीक आहे. दिवाळी गेली, संक्रांत गेली. शिमगा झाल्यावर एकदाचा धीर केला.

शटर बंद होतं. शेजारी भजी तळणाऱ्या बाईंनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "मिस्त्री गेले की, महिना झाला. झोपंतच गेले. तुमी भिसेगावचे ना? दर रविवारी तुमचा इषय काढायचे."

"मग फोन करायचा," मी म्हणालो. माझा आवाज मलाच चिडका वाटला. "नंबर होता त्यांच्याकडं."

"मी पन तेच बोलले," त्या म्हणाल्या. "तर बोलायचे, गाडी बरी असंल त्यांची. काय निमित्त सांगून फोन लावू?"