साडूभाऊंचा साचा

माझ्या साडूभाऊंइतका हेवा करण्याजोगा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात झाला नाही, आणि तो हेवा माझ्याइतका मन लावून करणारा माणूसही दुसरा झाला नाही. तीस सालानंतरच्या पाच-सहा वर्षांतली ही गोष्ट. आम्ही दोघांनी सख्ख्या बहिणी केल्या, मुंबईच्या एकाच दुकानातून एकाच दिवशी एकाच जातीच्या रायफली घेतल्या. त्यांचे नंबरसुद्धा लागोपाठचे होते. तरीही दर नाताळात शहराबाहेरच्या टेकडीखाली नेमबाजीची चांदमारी व्हायची तेव्हा पहिला नंबर त्यांचा आणि दुसरा माझा. नुसती बक्षिसाची ढाल गेली असती तर मी सोसलं असतं. वकिलाला हरायची सवय असते. पण आमच्या सासऱ्यांनी संक्रांतीच्या पंक्तीला एक नियम करून ठेवला होता. चांदमारी जिंकणाऱ्या जावयाचा पाट त्यांच्या उजव्या हाताला, पुढ्यात चांदीचं ताट आणि भोवती रांगोळी. हरलेल्याचा पाट डावीकडे, ताट पितळी. सलग पाच वर्षं मी डावीकडे बसून गुळाची पोळी खाल्ली. डावीकडच्या पोळीवर तूपही कमी पडतं, अशी माझी पक्की खात्री होती.

आता रायफल तीच, आणि डोळे तर माझे त्यांच्यापेक्षा चांगले. त्यांना वर्तमानपत्र हातभर लांब धरावं लागे. मग फरक राहिला तो काडतुसांत. मी कारखान्याची पेटी फोडून वापरत असे. साडूभाऊ उडालेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी उचलून घरी आणत, आणि तीत नवी टोपी, नवी दारू, नवी गोळी बसवत. त्यासाठी पुंगळी आधी साच्यात दाबून पुन्हा मापात आणावी लागते. हा साचा निवडायला साडूभाऊंनी दोन वर्षं घेतली. स्वतःची बायको त्यांनी पोह्यांची बशी संपायच्या आत पसंत केली होती. विलायतेहून बोटीने तीन साचे आले आणि तिन्ही सविस्तर पत्रासह परत गेले. मग त्यांनी इगतपुरीच्या एका लेथवाल्या उस्तादांना गाठलं. दर रविवारी हे गाडीने घाट गाठणार आणि साच्यात दोष काढणार. एकदा मीही सोबत गेलो होतो. उस्ताद मला बाजूला घेऊन म्हणाले, "वकीलसाब, तेरा साचे झाले. तुमचे साडू येतात म्हटलं की मला ताप येतो. पण काय करणार, बरोबर बोलतात."

हे "बरोबर बोलतात" मला फार लागलं. कोर्टात माझ्याविषयी असं कुणी कधी म्हणालं नव्हतं.

साच्याचं माप ते केसाने घेत. केसाएवढा फरक आपण बोलण्यात म्हणतो, साडूभाऊ तो खरोखरच केस घालून बघत. केस त्यांच्या पत्नीचा. एका बारशाला, पाळणा चालू असताना, त्यांनी माझ्या पत्नीला विचारलं, "तुझा एक केस देतेस का? हिने तेल बदललं, हिचा आता जाड लागतो." माझ्या पत्नीने हसत हसत दिला. मला ती छत्री शोधूनसुद्धा देत नसे.

शेवटी त्यांना पसंत पडला तो पुंगळीचा फक्त गळा आवळणारा साचा. त्याचं कारण त्यांनी मला त्यांच्या ओसरीवर नीट सांगितलं होतं. "पुंगळी एकदा रायफलीत उडाली की फुगून त्या रायफलीच्या अंगाची होते. तिला पुन्हा कशाला सगळीकडून दाबायची? गळा तेवढा आवळावा, गोळी धरण्यापुरता. वकील, तुमच्या दहा पुंगळ्या द्या, तुम्हालाही भरून देतो." मी दिल्या नाहीत. माझ्या पुंगळ्या पाहून माझ्या नेमाची मापं काढायचा हा डाव आहे असं मला वाटलं. आणि पहिलं वाक्य माझ्या डोक्यात शिरलंच नाही, कारण मी त्या वेळी त्यांच्या भिंतीवरची ढाल बघत होतो.

सहाव्या वर्षी मी ठरवलं, आता डावीकडे बसायचं नाही. साडूभाऊ निशाणाचे कागद बघायला पुढे गेले तेव्हा मी त्यांचा डबा उघडला, लाखेचा तांबडा ठिपका दिलेली त्यांची दहा काडतुसं खिशात घातली आणि माझी दहा त्यांच्या डब्यात ठेवली. याच गुन्ह्यातून मी तोवर बऱ्याच अशिलांना सोडवलं होतं.

पहिली पाळी माझी. काडतूस घातलं आणि मागून नळी बंद करणारा बोल्ट लावला, तर तो लागेना. जोर केला, तळहाताने ठोकला, तरी लागेना. मागे लोक हसायला लागले. साडूभाऊ जवळ आले, बोल्ट उघडला, काडतूस काढलं, ठिपका पाहिला आणि मूठ मिटली.

"हे माझ्या रायफलीच्या अंगाचं आहे, वकील. तुमची केसभर अरुंद," ते हळू आवाजात म्हणाले. मग त्यांनी कोटातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत दहा काडतुसं, ठिपका हिरवा. "गेल्या वर्षी तुम्ही टाकलेल्या पुंगळ्या वेचल्या होत्या. मागून देत नव्हतात, म्हणून. घ्या, तुमच्यासाठीच भरलीत."

माझी दहाही भोकं विड्याच्या एका पानाखाली झाकली गेली. मग त्यांची पाळी आली. खिशातली नऊ काडतुसं परत करायला माझा हात काही बाहेर निघाला नाही. त्यांनी डबा उघडला, क्षणभर पाहिलं आणि माझी कारखान्याची काडतुसं झाडली. ते दुसरे आले.

संक्रांतीला मी उजवीकडे बसलो. डावीकडे साडूभाऊ पितळी ताटातली तिसरी पोळी घेत सासऱ्यांना सांगत होते, "यांची रायफल मुळात उत्तमच. साचा तेवढा हवा होता." त्यांना मनापासून आनंद झाला होता. मला त्यांच्या त्या आनंदाचासुद्धा हेवा वाटला.

दोन वर्षांनी साडूभाऊ विषमज्वराने गेले. रायफल सरकारजमा झाली, साचा त्यांच्या पत्नीने तेलकट फडक्यात गुंडाळून मला दिला. उजवा पाट आता माझाच आहे. मागायला कुणी नाही. ती नऊ काडतुसं अजून माझ्या कपाटात आहेत. दर संक्रांतीला, पंक्तीला जायच्या आधी, त्यातलं एक मी माझ्या रायफलीत घालून बघतो. बोल्ट लागत नाही. मग ते पुसून परत ठेवतो आणि जेवायला जातो.