बिनफळाची झाडं

घरच्या थोरल्या सुनेच्या जिभेला हाड नव्हतं. हे तिच्या माघारी सगळे म्हणत, तोंडावर कुणी म्हणत नसे, कारण पीठ तिच्याकडूनच घ्यायचं असे.

घरामागच्या उभ्या, दगडाळ उतारावर पिठाची झाडं होती. बागवाले त्यांना सायकस म्हणतात. दिसायला ताडाची सख्खी बहीण, पण ताडाशी काडीचं नातं नाही. गवत तग धरणार नाही अशा कातळात मुळं रोवलेली, माडीच्या खिडकीत डोकावतील एवढी उंच, खोडभर झडलेल्या पानांचे खवले. आणि वाढायची इतकी सावकाश, की लग्न होऊन आलेल्या सुनेला म्हातारपणीही ती तेवढीच दिसावीत.

बिया नारिंगी, लिंबाएवढ्या, गोजिरवाण्या आणि जहरी. फोडायच्या, चकत्या करून भिजत घालायच्या, पाणी बदलायचं, पुन्हा बदलायचं, कंटाळा आला की आणखी एकदा बदलायचं. ते पाणी पिऊन शेजारच्या कोंबड्या मेल्या, तेव्हा थोरलीने शेजारणीलाच सुनावलं, "कोंबड्यांना जरा वळण लावा." चकत्या वाळवून दळल्या की पांढरंशुभ्र पीठ. पानं फुलवाला नेई, लग्नालाही आणि मयतालाही.

काही झाडं मात्र बी धरतच नसत. उन्हाळ्यात त्यांच्या शेंड्यात हे भलंमोठं कणीस उभं राही, त्याचा उग्र वास घरात शिरे आणि किडे घोंगावत. त्यांच्या खोडात पीठ असे, पण ते काढायचं तर झाडच पाडावं लागे. घरात त्यांना बिनफळाची म्हणत. फुकटखाऊ म्हणून सगळ्यांचाच त्यांच्यावर राग.

सासरे गेले आणि दोघा भावांची वाटणी झाली. घरात मधोमध एकेरी विटेची भिंत आली. उतारावर झाडं सरमिसळ, म्हणून एकेक झाड मोजून वाटायचं ठरलं. थोरली कडेवर लेक घेऊन, पदर खोचून उभी राहिली.

"मला पोर आहे," ती चारचौघांत म्हणाली. "फळणारी झाडं आमची. बिनफळाची धाकटीला द्या. तिला शोभतील."

धाकटीने मुलासाठी किती दवाखाने पालथे घातले होते, ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. दोघे भाऊ खाली मान घालून झाडं मोजायला लागले. धाकटी म्हणाली, "चालेल." आणि वर्ष सरायच्या आत तिने आपल्या वाट्याचं झाडन् झाड पाडून पीठ काढलं.

"बरं झालं, वास तरी गेला," थोरली म्हणाली. असल्या बाईला देवाने पश्चात्ताप दिलाच नव्हता, दुसरं काय!

तिची झाडं पुढेही बिया देत राहिली, पीठही तसंच निघत राहिलं. उतारावर रोपं आपली आपण उगवत; ती कधीपासून दिसेनाशी झाली, तिकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

लेक मोठी झाली, सासरी गेली आणि एक दिवस पेटी घेऊन परत आली. "आता जाणार नाही," एवढंच बोलली. थोरलीने खोदून खोदून विचारलं, लेकीने पत्ता लागू दिला नाही. थोरलीचा नवरा वारलेला, लेकीच्या पाठीशी दुसरं कुणी नाही. ही झाडंच हिला जन्मभर पोसतील, असं म्हणून थोरलीने मनाला धीर दिला.

आणि नेमकी तेव्हाच पानांवर पांढरी कीड पडली. एकेक झाड शेंड्यापासून वाळू लागलं.

"नवी लावू," लेक म्हणाली. "वाढू देत सावकाश. मला कुठे जायचंय?"

तिने डब्यांत बिया पेरल्या. उगवल्या नाहीत. पुन्हा पेरल्या, पुन्हा तेच. शेवटी ती पिशवीभर बिया घेऊन रोपवाटिकेत गेली. रोपवाल्याने दोन-तीन कापून दाखवल्या. "पीठ भरलंय, पण आत कोंबच नाही. नर झाड जवळ नसलं की असंच होतं. मोठं कणीस येतं, वास मारतं, ते झाड. नाही का तुमच्याकडे?"

लेकीने घरी येऊन विचारलं. "होती की," थोरली म्हणाली. "तुझ्या काकूने पाडली. जळफळाट, दुसरं काय! विचार जा तिला."

लेक गेली. थोरली सूप खाली ठेवून भिंतीला कान लावून बसली.

"शोभतील म्हणाली गं तुझी आई," धाकटीचा आवाज आला. "रोज दार उघडून तीच बघत बसायचं होतं का मी? त्यांच्यावाचून बाकीच्यांचं अडतं, हे मला तरी कुठे माहीत होतं?"

पुढचं ऐकू आलं नाही. बऱ्याच वेळाने लेक दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही.

"आई, मला कडेवर घेऊन तू काकूला असं बोललीस?"

"तुझ्यासाठीच बोलले. तुझ्या वाट्याला चांगलं यावं म्हणून."

"मलाही मूल होत नाही, आई. तिकडे सासूबाई येताजाता हेच ऐकवायच्या. म्हणून आले मी निघून."

थोरली उठून पुढे आली. तोवर लेकीने दाराआडची आपली पेटी उचलली होती.

"मी काकूकडे राहते," ती म्हणाली, आणि भिंतीपलीकडच्या दाराकडे वळली.