बिशपांचा संदेश आणि मुका भोंगा

"सरकारच्या इरोधात एक शब्द निघाला का वायर खेचजो. नाई खेचली तं मशीन जप्त, अन् तू आत. समजलं?"

"हाव साहेब," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? आणीबाणीचे दिवस होते. कोणाला कशासाठी उचलतील याचा नेम नव्हता. पोलीस ठाण्याचे जमादार खालून बोलत होते आणि मी आंब्याच्या झाडावर भोंगा बांधत होतो.

माझा धंदा लाउडस्पीकरचा. नालवाडीत राहायचो. लग्न, गणपती, प्रचारसभा, जिथे बोलावतील तिथे मशीन घेऊन जायचो. मशीन म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर. माइकमधला बारीक आवाज मोठा करून भोंग्यात सोडणारी पेटी. आमचं घर त्या एका पेटीवर चालायचं. ती ठाण्यात गेली असती तर खायचे वांधे झाले असते.

त्या रविवारी आर्वी रोडवरच्या एका गावात चर्चचा सण होता. चर्च लहान, निम्मे लोक बाहेर मांडवात, म्हणून मला बोलावलं. बिशप येणार होते. पॅरिश म्हणजे एका फादरच्या देखरेखीखालची ख्रिस्ती मंडळी, आणि बिशप म्हणजे अशा पुष्कळ पॅरिशांचे मुख्य. ते अधूनमधून आपल्या लोकांना संदेश देतात. या वेळचा विषय होता श्रद्धा, पॅरिशमधलं जगणं आणि नागरिकाचं कर्तव्य. यातला शेवटचा विषय कोणीतरी ठाण्यात पोचवला होता, म्हणून जमादार हजर.

मी फादरांना बाजूला घेतलं. "फादर, बिशप सरकारवर बोलनार हायेत काय?"

फादर केरळचे, मराठी जपून बोलायचे. "ते बिशपना माहीत. तुम्ही फक्त आवाज बरोबर ठेवा."

"आवाज ठेवू का नको, तेच तं समजून नाई राह्यलं!"

फादर हसले. मला हसू येत नव्हतं.

मिस्सा सुरू झाली. मिस्सा म्हणजे त्यांची उपासना. गणपतीत आरती कुठे संपते हे मला झोपेतही सांगता आलं असतं. इथे कोण कधी उठेल, काय म्हणेल, काही पत्ता लागेना. मी दाराशी मशीनजवळ बसलो होतो, एक हात वायरवर. जमादार फाटकाशी, बरोबर भोंग्याखाली.

एक सिस्टर माइकवर येऊन वाचू लागली. आजाऱ्यांसाठी, विधवांसाठी. प्रत्येक वेळी लोक म्हणायचे, "हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक." मला जरा बरं वाटायला लागलं होतं. तेवढ्यात सिस्टर म्हणाली, "आपल्या देशाच्या राज्यकर्त्यांसाठी..."

मी वायर खेचली. ठिणगी उडाली आणि भोंगा मुका झाला.

जमादार तरातरा आले. "काऊन बंद केलं बे?"

"राज्यकर्ते म्हनल्या न साहेब!"

"अबे, प्रार्थना करून राह्यली ते! सरकारच्या भल्याची! तुनं सरकारचीच प्रार्थना कापली. चालू कर!"

ही प्रार्थना त्यांच्यात उपासनेत ठरलेलीच असते, सरकार कोणाचंही असो. तिथल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक होतं. मी पडलो गणपतीवाला.

पिन सॉकेटमध्ये घातली आणि फट् झालं. फ्यूज गेला. फ्यूज म्हणजे बारीक तार; करंट वाढला की आधी ती जळते आणि मशीन वाचतं. दुसरा बसवला, तोही जळला. मी हिसका दिला तेव्हा पिनच्या आत दोन तारा एकमेकींना टेकल्या होत्या. एरवी हे चुटकीसरशी सापडलं असतं. पण डोळा सारखा फाटकाकडे जात होता आणि स्क्रूड्रायव्हर खाचेतून निसटत होता. मिस्सा संपत आली आणि बिशप संदेश द्यायला उभे राहिले.

मुका माइक त्यांनी बाजूला सारला. "माझा आवाज पुरेल. बाहेरच्यांनी आत या."

लोक चपला काढून आत सरकले. जमादारही पायरीपर्यंत आले. पायात नाड्यांचे लांब बूट. त्यांनी नाड्यांकडे पाहिलं, आत पाहिलं, आणि परत फाटकाशी जाऊन उभे राहिले.

बिशप म्हणाले, "रविवारी चर्चला येता, चांगलं आहे. पण शेजारी कोणाची चूल पेटली नाही हे ठाऊक नसेल, तर ही पॅरिश कसली?"

एवढ्यात माझ्या तारा सुट्या झाल्या. फ्यूज बसला. आता फक्त बटण दाबायचं होतं. फाटकातून आवाज आला, "झालं काय रे?"

"नाई साहेब, अजून."

बिशप पुढे बोलतच होते. "कायदा पाळा, कर भरा. पण भीतीपोटी खोटं बोलू नका. ज्यांच्या घरचं माणूस न सांगता नेलं, त्यांच्या दाराशी जा. कोणी पाहील म्हणून तोंड फिरवू नका."

मी बटणावरचं बोट काढून घेतलं. हे भोंग्यातून गेलं असतं तर मशीन, मी आणि बिशप, तिघंही एकाच गाडीत बसलो असतो.

लोक पांगल्यावर जमादारांनी वही काढली. "काय बोलले बिशप?"

"आयकू नाई आलं" एवढंच म्हणायचं होतं. शब्द जिभेवर आले होते. पण एक थाप आधीच मारून झाली होती, आणि नेमकी त्यावरच बिशपांची बोलणी ऐकली होती. दुसरी निघेना.

"म्हनले, कायदा पाळा. अन् म्हनले, भेऊन खोटं बोलू नका. ज्याच्या घरचं मानूस नेलं, त्याच्या घरी जा."

जमादारांची पेन्सिल थांबली. मला वाटलं, संपलं. आता बायकोला निरोप कोणाहाती पाठवायचा?

"हे अजून कोनाले सांगतलं?"

"तुमालेच."

"मंग इथंच गाड. हे लिवलं तं साहेब मलेच इचारन, तू तिथं काय करून राह्यला होता म्हून." मग त्यांनी लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "सरकारच्या भल्यासाठी प्रार्थना झाली. मशीन बिघडल्याने पुढील भाषण ऐकू आले नाही."

वही मिटून ते सायकलवर बसले आणि निघून गेले. मी भोंगा उतरवला, मशीन सायकलला बांधलं आणि घर येईपर्यंत मागे वळून पाहिलं नाही.

चालू मशीनची वायर कधी खेचू नये, बटण बंद करावं, हे धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. भीती वर्दीलाही असते, हे कोणी शिकवत नाही. त्या रविवारी खरं बोललो मी, आणि खोटं लिहिलं ते पोलिसांनी.