घासलेटच्या पत्र्यावरची कन्हान

प्रदर्शनात माझा नकाशा काचेत ठेवला होता आणि खालच्या पाटीवर नाव एका वकीलसाहेबांचं होतं. त्यांनी फक्त ती पाटी रंगवून घेतली होती. हे मी विसरलेलो नाही. म्हणून तो नकाशा कसा झाला, ते मीच लिहून ठेवतो.

इतवारीत माझं कंदील-डब्यांचं दुकान होतं. एक दिवस एक आंधळे मास्तर काठी टेकत आले. ते आपल्या ओसरीवर पाच-सहा आंधळ्या माणसांना खुर्च्या विणायला शिकवत. त्यांना बोटांनी वाचता येईल असा नागपूरच्या आसपासचा नकाशा हवा होता, प्रत्येकाच्या मांडीवर एक. विलायती नकाशा त्यांच्या ऐपतीबाहेरचा. मी भाव सांगितला.

“काहो, डबा घासलेटवाल्याचा, नदी देवाची. तुमचं काय लागलं त्यात?”

“माझा हात लागला, मास्तर!”

“मग हात अर्ध्यात द्या.”

एवढं चिवट गिऱ्हाईक मला आवडलं, पण मी तसं दाखवलं नाही. आधी एक करायचा, बोटांना पटला तर बाकीचे, असं ठरलं.

रिकामा डबा कापून पत्रा सपाट केला, हात कापू नये म्हणून काठ दुमडले. वर कागदी नकाशा ठेवून टोच्यानं ठोकत गेलो. नदीची सलग रेघ, रेल्वेचे ठिपके, गावांना फुगवटे. पत्रा उलटला की सगळं बोटाला लागे.

ओसरीवर तो पहिल्यांदा हातात घेतला कन्हान नदीकाठी माहेर असलेल्या एका बाईनं. देवीत डोळे गेल्यावर ती माहेरी गेलीच नव्हती. मास्तरांनी सांगितलं, वर उत्तर, उजव्या हाताला उगवत. तिचं बोट ठिपक्यांवरून निघालं आणि थांबलं.

“हा आमचा रस्ता नाही, भाऊ.”

“काहून नाही? सरकारी नकाशावरून काढला!” मी तडकलो.

“सकाळच्या गाडीत ऊन उजव्या गालावर राहे. इथं तं पाठीले लागून राहिलं.”

पत्रा हिसकावून मी दुकानात आलो. दुपार होती, बाजार पेंगत होता. डोळे मिटून बोट ठेवलं आणि चालू लागलो. कामठी मागे पडली, हवा गार झाली, कुठंतरी पाणी वाजलं, आणि ऊन खरंच पाठीला लागलं. मागून ठोकलेलं पुढून उलटं दिसतं. जन्मभर कंदिलांवर फुलं ठोकली, फुलाला डावं-उजवं नसतं.

दुसऱ्या दिवशी कागद पालथा घालून नवा पत्रा ठोकला. बाईचं बोट पुन्हा निघालं. ठिपके रेघेवर चढले तिथं ते सावकाश झालं.

“काय झालं?” मास्तर म्हणाले.

“बोलू नका. पुलावर आहो मी.”

पलीकडे पोचल्यावर ती काठाकाठानं थोडी खाली गेली.

“इथं आमचा घाट आहे. तुम्ही दिलाच नाही, भाऊ.”

मी टोच्या काढला. तिनं नखानं जागा दाबून धरली.