मण्णु म्हणजे मनू नव्हे

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी हे सगळं सुरू झालं. वेळ पक्की आठवते, कारण माझ्या मनूची बालवाडी साडेअकराला सुटते आणि दहापासूनच माझा एक डोळा घड्याळावर असतो. चाकावर लोटा चढवला होता, दोन्ही हात मातीत होते, आणि वत्सला अक्कांनी मागून विचारलं, "सुमा, पासपोर्ट आहे का गं तुझा?"

"रेशन कार्ड आहे," मी म्हणाले.

लोटा जागच्या जागी बसला!

आमच्या स्टुडिओत एक मोठी बादली आहे. मोडलेलं, बिघडलेलं, कापून काढलेलं सगळं तिच्यात जातं, भिजतं आणि त्याची परत माती होते. किश्शांचंही तसंच. एकेक टाकत गेलं की बादली कधी भरली ते कळतच नाही. माझी काठापर्यंत आलीय, म्हणून सांगून टाकते.

अक्का म्हणजे येलहंक्यातल्या या स्टुडिओच्या मालकीण. मराठीच, पण कितीतरी पिढ्यांपासून बेंगळुरातल्या. सकाळी स्वतःची भांडी करतात, दुपारी शिकवतात, आणि दरवर्षी तीन आठवडे केनियातल्या एका गावात जाऊन तिथल्या बायकांना चाक शिकवतात. हौसेनं, फुकट. या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि डॉक्टरांनी प्रवास बंद केला.

"माझ्या जागी तू जा," अक्का म्हणाल्या.

"अक्का, मनू चार वर्षांची आहे!"

"सरी, बरं, मग? तिला कुठे शिकवायला पाठवतेय मी!"

*

माझं माहेर सांगलीकडचं, कुंभाराचं. पण आमच्याकडे चाक बाप्यांचं. बायकांनी माती चाळायची, तुडवायची, आतून दगड धरून बाहेरून थापीनं मडकं ठोकायचं, रंगवायचं. चाकाला हात लावायचा नाही. बाई चाकावर बसली की आवा फुटतो, म्हणजे भाजायला लावलेली सगळी भांडी तडकतात, असं आत्या सांगायची. मी सातवीनंतर घरीच होते. मडकी हजारो ठोकली, चाक एकदाही नाही.

लग्न होऊन बेंगळुरात आले आणि स्टुडिओत लागले ती झाडायला आणि माती मळायला. दोन महिन्यांनी अक्का म्हणाल्या, "इतकी छान मळतेस, बस की चाकावर." मी आधी दारातून बाहेर बघून घेतलं. सांगलीहून कोणी आलं नव्हतं.

माझी पहिली सात वाडगी भट्टीत गेली त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली. सातही शाबूत! तडकली होती ती एकच, अक्कांची किटली.

"कोणाला सांगू नकोस," अक्का म्हणाल्या.

केनियाचं ठरत आलं तेव्हा माहेरी वडिलांना, अप्पांना फोन केला. ते म्हणाले, "चाकावर बसलीस ते मी ऐकलंच नाही असं धरून चाललोय. आता विमानात बसतेस?"

*

मला काळजी करायची सवयच आहे. मनू शिंकली की मी पंखा बंद करते, पंखा बंद केला की तिला घाम येतो, घाम आला की परत सर्दीची काळजी. त्यातून मी स्टुडिओत नवी असताना एक प्रकार घडला.

माती आणून देणारा नंजप्पा टेम्पो घेऊन यायचा. एक दिवस त्याचा मला फोन आला, घाबराघुबरा. "अक्का, मण्णु बिद्दोयतु! गेट हत्रा!"

अक्का म्हणजे ताई, बिद्दोयतु म्हणजे पडलं आणि गेट हत्रा म्हणजे गेटजवळ, एवढं कन्नड मला येत होतं. मातीला कन्नडात मण्णु म्हणतात, ते येत नव्हतं. स्टुडिओत सगळे 'क्ले'च म्हणायचे.

मनू पडली! गेटजवळ! मी एका पायात चप्पल घालून धावले. हात मातीनं भरलेले, केस सुटलेले. गेटजवळ तीन गोणी पडलेल्या, एक फुटलेली, आणि नंजप्पा डोक्याला हात लावून उभा.

"मनू कुठाय?" मी ओरडले.

त्यानं गोणीकडे बोट दाखवलं.

मी तिथेच रस्त्यात बसून रडायला लागले. नंजप्पा इतका घाबरला की फुटलेली गोणी स्वतः खांद्यावर घेऊन आत ठेवून आला. मनू तेव्हा बालवाडीत वरणभात खात होती.

तेव्हापासून तो माझ्याशी बोलताना मण्णु हा शब्द काढत नाही. फोनवर आधीच सांगतो, "अक्का, क्ले बंतु. मगळु अल्ला!" क्ले आलीय. मुलगी नव्हे!

*

शनिवारी सर्जापूर रोडच्या सोसायट्यांमधले आयटीवाले शिकायला येतात. मला 'मॅम' म्हणतात. पहिल्यांदा कोणी म्हणालं तेव्हा मी मागे वळून पाहिलं.

त्यातले एक मराठी साहेब, पुण्याचे. माती काही केल्या मध्यावर येईना. चाकावर नुसती डुगडुग. मी म्हटलं, "सर, तुम्ही श्वास रोखून धरलाय. सोडा."

"मॅम, या आठवड्यात रिलीज आहे," ते म्हणाले. "सोमवारी सोडतो!"

माझा पासपोर्टचा फॉर्म यांनीच भरून दिला. शिक्षणाच्या प्रश्नाला 'सहावी ते नववीच्या मधे' असा एक रकाना होता. मला जरा बरं वाटलं. आपल्यासारखे इतके आहेत की सरकारनं रकानाच केलाय! पुढे केनियाचा फॉर्म आला, त्यात काम काय विचारलं होतं. साहेबांनी लिहिलं, 'सीनियर पॉटरी इन्स्ट्रक्टर'.

"सर, खोटं नको. पकडलं तर? परत मनूकडे यायला मिळालं नाही तर?"

"मॅम, हे खोटं नाही. हे अप्रेझल आहे!"

*

घरी मनूच्या पप्पांचा काहीच विरोध नव्हता. फॅब्रिकेशनच्या कामावरून येऊन, हातपाय धुऊन म्हणाले, "तीन आठवडे तर आहेत. जा तू. मी आहे, आई आहे."

मला वाटलं, आता हे नाही म्हणाले असते तर किती सोपं झालं असतं!

मग अर्ध्या जेवणात त्यांचा घास थांबला. "पण तिच्या दोन वेण्या कोण घालणार?"

पुढचे आठ दिवस रोज सकाळी आमच्या घरी वेण्यांचा क्लास. मनू स्टुलावर, पप्पा मागे, मी शिकवायला. लोखंडाला लोखंड जोडणारा माणूस, पण केसांच्या तीन बटा धरल्या की एक निसटायचीच. आठव्या दिवशी वेण्या जमल्या. एक कानाच्या वर, एक मानेखाली.

मनूनं आरशात पाहिलं आणि म्हणाली, "पप्पा, या वेण्या उद्या शाळेत घालू. आज घरीच राहू."

*

तीन आठवडे म्हणजे किती, ते चार वर्षांच्या पोरीला कसं सांगायचं? मी मातीच्या एकवीस गोळ्या वळल्या आणि वाळवल्या. कच्ची वाळलेली माती पाण्यात टाकली की बुडबुडे काढत विरघळते, मनूला ते फार आवडतं. मी तिला समजावलं, "रोज सकाळी एक गोळी पाण्यात टाकायची. सगळ्या संपल्या की आई दारात."

तिनं मान डोलावली. मला वाटलं, काय आयडिया काढली आपण!

तिकडे पोचले आणि पहिला फोन लावला. सासूबाईंनी उचलला. "अगं, तू गेलीस आणि हिनं एकवीसच्या एकवीस गोळ्या बादलीत टाकल्या! आणि दारात जाऊन बसलीय. जेवायला उठेना. म्हणते, संपल्या, आता येईल."

मी म्हटलं, "तिला फोन द्या."

मागून आवाज आला, "नको. आई खोटं बोलली."

त्या दिवसापासून मनू फोनवर येईना. माझं नाव काढलं की कॉटखाली. व्हिडिओ कॉल केला तर मला नुसते दोन पाय दिसायचे. मी त्या पायांशीच बोलायचे. जेवलीस का, सर्दी आहे का, मोजे का नाहीत. पाय काही बोलायचे नाहीत.

*

केनियात मी शिकवायला म्हणून आलेली. अक्कांनी मागच्या वर्षी बसवून दिलेलं चाक एका पत्र्याच्या शेडमध्ये होतं. मी उत्साहानं वरचं फडकं उचललं. चाकावर कोंबडी! खाली नऊ अंडी!

पंचवीसेक बायका माझ्याभोवती उभ्या. त्यांच्यात सगळ्यांत म्हातारी, मामा अकिन्यी (मामा का, ते पुढे सांगते), हिच्या शब्दाबाहेर गावात कोणी नाही. तिनं काहीतरी सांगितलं. थोडं इंग्रजी येणाऱ्या एकीनं मला समजावलं, "ती म्हणते, आधी पिल्लं. मग चाक."

मग काय करणार? मी इकडेतिकडे पाहिलं, एक लाकडाची फळी उचलली, एक गुळगुळीत दगड घेतला आणि माहेरी ठोकायचे तसं मडकं ठोकायला लागले. बायका हसायला लागल्या. हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. मामा अकिन्यीनं कमरेच्या पिशवीतून स्वतःची फळी आणि स्वतःचा दगड काढला. तशीच फळी, तसाच दगड!

त्यांच्या गावात कुंभारकाम बायकांचंच. बाप्ये फक्त मडकी बाजारात नेतात. मी खुणांनी सांगितलं, आमच्याकडे बाईनं चाकाला हात लावायचा नाही. इंग्रजीवालीनं ते सगळ्यांना सांगितलं. मामा अकिन्यीनं विचार करून विचारलं, "कोंबडीला चालतं का?"

*

'मामा' म्हणजे तिकडे आई. लेकरू झालं की बाईचं स्वतःचं नाव मागे पडतं, लेकराच्या नावानं हाक मारतात. अकिन्यीची आई ती मामा अकिन्यी. त्यांनी मला विचारलं, पोरीचं नाव काय? आणि मी झाले मामा मनू. आपल्याकडे 'मनूची आई' म्हणतात तसंच की! दिवसातून पन्नास वेळा ते नाव कानावर यायचं आणि पन्नास वेळा मी फोनकडे बघायचे.

एकदा सासूबाईंशी बोलत होते. मागून बायका हाका मारत होत्या, "मामा मनू! मामा मनू, चाय!"

सासूबाईंनी हळूच विचारलं, "तुझा भाऊ कधी पोचला गं तिकडे?"

मी हसले, आणि विचारलं, "मनू येते का फोनवर?"

"नाही गं. कालपासून तर तुझं नावच काढत नाही. खेळते, जेवते. रडतही नाही."

रडतही नाही, हे ऐकून मला जे झालं ते ती दारात बसून होती तेव्हाही झालं नव्हतं. मी त्या दिवशी तिकीट बदलता येईल का ते विचारून आले. येत नव्हतं. अजून आठ दिवस होते.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी मोठ्या रांजणाचं काम चाललं होतं. कमरेइतका उंच, ओला. मी खांद्यापर्यंत हात आत घालून दगड धरला होता, बाहेरून दोघी थापत होत्या. हात काढला असता तर सगळी भिंत आत आली असती. आणि तेवढ्यात बाजूला ठेवलेला माझा फोन वाजला. घरचा व्हिडिओ कॉल!

मी ओरडले, "कोणीतरी घ्या!"

मामा अकिन्यीनं ओल्या बोटानं तो घेतला आणि तोंडासमोर धरला. मला पडदा दिसत नव्हता, नुसतं ऐकू येत होतं. आधी सासूबाईंचा आवाज आला, लांबून. "हिनंच लावलाय गं फोन, माझा हिसकावून घेऊन! बोल की मनू, आई आहे बघ."

"आई नाहीये," मनू म्हणाली. "दुसरी आजी आहे."

"जाम्बो!" मामा अकिन्यी म्हणाली. म्हणजे नमस्कार.

"मी आज भेंडी खाल्ली," मनू म्हणाली.

"सावा, सावा." म्हणजे बरं, बरं.

"पप्पांना वेणी येते आता. दोन्ही एका लायनीत आहेत. दिसल्या?"

"सावा."

मी रांजणात हात घालून उभी. "मनू! मनू, मी इथेच आहे गं!" पण बाहेरून थापीचे आवाज चालू, आणि माझा आवाज सगळा रांजणातच जात होता.

मग मनू अगदी मोठ्या माणसासारखी म्हणाली, "आजी, तिकडे माझी आई आली ना, की तिला सांगा, मनूचा फोन आला होता."