नकाशातली भरती आणि चिखल्यांची चार घरटी

"ही वई चुकीच्या जागी हाय," होडी ओढता ओढता हुसेनचाचा म्हणाले.

काट्यांच्या कुंपणाची ती वई मी घातलेली होती. मी पक्षी वाचवणाऱ्या संस्थेचा फील्ड वर्कर. गोष्ट गेल्या वर्षीची, अठ्ठ्याऐंशीच्या वैशाखातली. रत्नागिरीजवळच्या एका खाडीच्या तोंडाशी घडलेली.

चिखल्या हा मुठीएवढा किनारपक्षी. कोरड्या वाळूत उथळ खळगा करतो, त्यातच अंडी. अशा चार खळग्यांना मी वई घातली होती. कुत्री थांबली, होड्याही थांबल्या. उधाणाची, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीची रेषा ऑफिसच्या नकाशात वईच्या बरीच खाली होती. मी निर्धास्त.

"नकाशा कधीचा?" चाचांनी विचारलं.

"सरकारी आहे."

"असंल सरकारी. कधीचा?"

मला ठाऊक नव्हतं.

"माझा बाप होडी लावायचा तिथं तू काटे लावलेस. आता आमी माडांच्या मुळाशी लावतो. उगाच ओढतो काय? कंबर फुकटची हाय?"

उपायही त्यांनीच सांगितला. खळगा अंड्यांसकट रोज हातभर वर सरकवायचा, मादी मागोमाग येते. अमावास्येला आठ दिवस होते.

मी मुंबईला संस्थेच्या साहेबांना फोन लावला, अंडी हलवू का म्हणून विचारलं.

"गावात वाटतोस त्या पत्रकात काय लिहिलंय?"

"अंडी हलवू नका."

"कोणी लिहिलंय?"

"मीच, सर."

"मग?" त्यांनी फोन ठेवला.

मी अंडी हलवली नाहीत. अमावास्येला भर दुपारी पाणी वईत शिरलं आणि काटे उचलून माडांपर्यंत आलं. मी धावलो. एकच अंडं हाती लागलं, थंडगार. माद्या ओल्या वाळूवर पळत होत्या, थांबत होत्या, पुन्हा पळत होत्या. चाचा शेजारी उभे होते. मग वाहून आलेले काटे वेचायला लागले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पृथ्वी तापते आहे, समुद्र चढणार, असंही त्याच पत्रकात होतं; ते मी गावोगाव वाटलं होतं. चाचांनाही दिलं होतं. त्यात 'पुढच्या पिढीत' असं छापलं होतं. चाचांची होडी एका पिढीत माडांशी येऊन टेकली होती, ती मला दिसली नाही. समुद्र तापल्यामुळे चढला की किनारा झिजला, हे मी सांगू शकत नाही. अंड्यांना त्याने फरक पडला नाही.

यंदा चाचांना विचारून तीन खळगे सरकवले. एकातली पिल्लं चालती झाली. पत्रकातली 'अंडी हलवू नका' ही ओळ मी खोडली. त्या जागी आता लिहिलं आहे: आधी होड्या कुठे लावतात ते बघा.