निळ्या डब्याचा बोर्ड

परवा माळा झाडताना निळ्या प्लास्टिकचा चपटा डबा हाती लागला आणि धामणकर नाक्यावरचं माझं सीडीचं दुकान जसंच्या तसं समोर आलं.

स्वच्छ चित्राच्या नव्या डिस्क तेव्हा दोन प्रकारच्या होत्या, लाल डब्यातली एचडी डीव्हीडी आणि निळ्या डब्यातली ब्लू-रे. एकीच्या प्लेअरवर दुसरी चालत नसे. मी निळी धरली आणि ‘ब्लू-रे मिळेल’ असा बोर्ड लावला.

दुपारी बाबा दापोड्याहून तणतणत आले. “बाय, ब्लूचा बोर्ड लावलास? गावात तोंड दाखवाया जागा न्हाय ठेवलीस!” तेव्हा ब्लू म्हणजे चोरून बघायची फिल्म. समोरच्या यंत्रमागांवरचे लूमवाले हसतच होते.

“डिस्क वाचणाऱ्या निळ्या किरणाचं नाव हाय ते, बाबा.”

“मंग लाल वीक!”

“बोर्ड निघणार न्हाय. आधी बघा.”

मी समुद्राची डिस्क लावली. जन्म खाडीत गेलेले बाबा माशाचा एकेक खवला बघत स्टुलावर बसूनच राहिले.

लाल डबे लवकरच बाजारातून उठले. पुढे निळेही गेले. लाल उठले तेव्हा वाटलं होतं, मी जिंकले. आता डबा हातात घेतला की आठवते ती त्याच दुपारी बाबांनी भर नाक्यावर लूमवाल्यांना मारलेली हाक, “हसता क्या है? अंदर आके ब्लू देख!”